आधी आईचं पान, मग मासे

नमस्कार ताई,

आम्ही कऱ्हाडचे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तीन दिवस मालवणला जायचं घाटतंय. आई, बाबा, आम्ही दोघं आणि सात वर्षांची लेक. बाबा एसटीत होते, नोकरीची पहिली चार वर्षं त्यांनी मालवण डेपोत काढली. तिथं खाल्लेल्या बांगड्याच्या तिखल्याची गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलीय. आईनं सहा वर्षांपूर्वी माळ घातली.

गेल्या वर्षी याच दिवसांत दुसऱ्या एका किनाऱ्यावर गेलो होतो. समुद्राला लागून असलेलं हॉटेल बघितलं आणि बसलो. दर न विचारता पापलेट मागवली. मासा ताजा नव्हता आणि बिल बघून बाबांचा चेहरा उतरला. आईसाठी डाळ आणि जीरा राइस सांगितला होता, तर डाळीला माशाचा वास. ती काही बोलली नाही. उठली, गाडीत जाऊन बसली आणि पिशवीतली राजगिऱ्याची वडी खाल्ली. बाबांनी अर्धं ताट तसंच टाकलं.

आता बायको म्हणते, आईंना त्रास होणार असेल तर जायलाच नको. आई म्हणते, “मला वरण-भात चालतो, तुम्ही खा.” बाबा गप्प. कुठं जेवावं, काय मागवावं, पैशाची फसगत कशी टाळावी, सांगाल का?

एक वाचक, कऱ्हाड

* * *

नमस्कार,

मालवणला जरूर जा. आईंना घेऊनच जा.

“मला वरण-भात चालतो” हे वाक्य मी ओळखते. माझी आत्या पंढरपूरची, माळकरी. काही वर्षांपूर्वी ती आमच्याकडे आली तेव्हा मी तिला मालवणात जेवायला नेलं. तीही असंच म्हणाली होती. मी तिच्यासाठी ‘व्हेज थाळी’ सांगितली. लाल रश्श्यातलं पनीर आलं, मटार आले, पिवळी डाळ आली. तिनं चपाती लोणच्याशी खाल्ली. परतताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोहरलेल्या कलमांकडे बघत तिनं मला विचारलं, “तुमच्याकडं झाडावर काहीच येत नाही का गं?”

तिनं सहज विचारलं होतं. पण मला तो प्रश्न आजही लागतो, कारण तो माघ महिना होता आणि आमच्या झाडांवर तेव्हा काय नव्हतं! आमच्या पाहुण्यांना वाटतं मालवण म्हणजे मासे, आणि आम्हीही त्यांच्यापुढे तेच धरतो. जो मासे खात नाही त्याच्यापुढे मग पंजाबी भाजी ठेवतो. शाकाहारी माणसासाठी खरं तर फेब्रुवारीअखेर ते मार्च हे दिवस कोकणातले सगळ्यात श्रीमंत दिवस. म्हणून माझा पहिला सल्ला एवढाच की या सहलीत आधी आईंचं जेवण ठरवा आणि मग माशांचं. बाबांचं तिखलं कुठं पळून जात नाही.

त्यासाठी निघण्याआधी आईंशी नीट बोला. “तुला चालेल ना?” असं विचारलंत तर त्या “चालेल” असंच म्हणणार. नेमकं विचारा. शेजारच्या पानात मासा वाढलेला चालतो का? ज्या स्वयंपाकघरात मासे शिजतात तिथलं, पण वेगळ्या भांड्यात केलेलं जेवण चालतं का? कांदा-लसूण चालतो का? माळकरी माणसांत प्रत्येकाचा नेम वेगळा असतो. कुणी फक्त स्वतःच्या तोंडापुरतं पाळतं, कुणाला भांडं वेगळं लागतं, कुणी त्या चुलीवरचं पाणीही घेत नाही. तिन्ही उत्तरांना मालवणात सोय आहे, पण उत्तर आधी कळायला हवं. आणि तुमच्या तीन दिवसांत एकादशी येते का, तेही कॅलेंडरात बघून ठेवा.

आई म्हणाल्या की त्या चुलीवरचं काहीच नको, तर मासे न शिजवणारी खाणावळ किंवा घर शोधा. मालवण गावात आणि आजूबाजूला अशी ठिकाणं आहेत, तुम्ही जिथं उतरणार त्या घरमालकिणीला विचारलंत तर ती नक्की सांगेल. मग दुपारी सगळ्यांनी तिथंच जेवायचं, आणि मासेवाल्यांनी रात्री बाहेर पडायचं. त्या रात्री आईंसोबत तुमच्यापैकी कुणीतरी थांबा. खोलीत गॅस आहे म्हणून आईंनीच स्वतःपुरतं शिजवून घ्यावं, असं मात्र होऊ देऊ नका. त्याही सहलीला आलेल्या आहेत.

वेगळं भांडं चालत असेल, आणि बहुतेक घरांत तेवढ्यावर भागतं, तर काम पुष्कळ सोपं. किनाऱ्याला लागून असलेली मोठी, रोषणाईची हॉटेलं सोडा. तिथल्या भटारखान्यात दहा टेबलांचं जेवण एकाच वेळी चालू असतं, डावल्यापासून तव्यापर्यंत सगळं फिरतं असतं, आणि तुम्ही कितीही बजावलंत तरी गर्दीत ते पाळलं जात नाही. तुमच्या आईंच्या डाळीत बहुधा तसाच एक डाव फिरला असणार. त्याऐवजी घरगुती खाणावळ धरा. मालवण, तारकर्ली, देवबाग या पट्ट्यात घराच्या पडवीत चार टेबलं टाकून जेवण घालणारी कितीतरी घरं आहेत. घरातली बाईच शिजवते आणि घरातलंच कुणीतरी वाढतं. अशा घरांत सोमवार पाळला जातो, श्रावण पाळला जातो, गणपतीचा नैवेद्य वेगळ्या भांड्यांत शिजतो. त्यामुळे “आई माळकरी आहेत, त्यांचं वेगळं ठेवा” हे त्या बाईला समजावून सांगावं लागत नाही. तिची स्वतःची सासू किंवा आई तसं पाळत असते.

पण आदल्या दिवशी फोन हवा. ऐनवेळी जाऊन बसलात तर तिच्याकडे तयार असेल तेच मिळेल.

काय सांगायचं ते लिहिते. पहिलं, ओल्या काजूची उसळ. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ओले काजू यायला लागतात. ते सोलताना बघितलंत तर आदल्या दिवशी का सांगायचं ते कळेल. बाई हाताला खोबरेल किंवा राख चोळून विळीवर बसते. हिरवट-करडी कोवळी बी मधोमध कापते आणि बारीक काडीनं आतला गर उचलते. टरफलातला चीक इतका जहाल की बोटांची सालं निघतात, नखांच्या कडा काळ्या पडतात आणि ते डाग साबणानं जात नाहीत. मग गर कोमट पाण्यात टाकायचे आणि एकेकाचं साल अंगठ्यानं सरकवायचं. आत पांढरा, वाकडा, दुधाळ गर. बाजारात ते शेकड्यावर विकतात, म्हणजे शंभर गरांचा भाव सांगतात. महाग वाटतील, पण त्या बोटांकडे बघून घासाघीस करू नका. उसळीत ओल्या नारळाचं वाटप असतं. तो गर दाताखाली मऊ लागतो, वाळल्या काजूची चव त्याला अजिबात नसते. तुमच्या आईंनी तो आजवर खाल्ला नसेल तर पहिला घास त्या खातील तेव्हा समोर बसा.

दुसरं, फणसाच्या कुयरीची भाजी. कुयरी म्हणजे अगदी कोवळा फणस, गरे धरायच्या आधीचा. आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं, त्याच्यासोबत वडे. हे वडे कोंबडीबरोबर खातात म्हणून प्रसिद्ध झाले, पण सांबाऱ्याबरोबर ते तितकेच जमतात. सकाळी घावणे आणि गूळ घातलेला नारळाचा रस, किंवा शिरवाळे. शिरवाळे म्हणजे तांदळाच्या उकडीच्या शेवया, त्याही याच गोड रसात बुडवून खायच्या. एकादशी निघाली तर वरी, रताळी, शहाळी, केळी यांना तोटा नाही.

पण सगळ्यात आधी विचारायचं ते खतखतं. सिंधुदुर्गात आणि गोव्यात हे सणासुदीचं, देवाच्या नैवेद्याचं जेवण. कंद आणि भाज्या तुरीच्या डाळीत, नारळाच्या वाटपात एकत्र शिजवतात, कांदा-लसूण घालत नाहीत, आणि शेवटी तिरफळं घालतात. तिरफळ म्हणजे काटेरी झाडाचं मिरीएवढं फळ, वाळवून ठेवलेलं, आतली काळी बी काढून टाकलेली. तुमच्या बाबांना ज्या तिखल्याची आठवण येते त्यातही हेच तिरफळ असतं. बांगडा-पेडव्यासारख्या तेलकट माशाला ते लागतंच. म्हणजे आईंच्या पानातल्या खतखत्याचा आणि बाबांच्या पानातल्या तिखल्याचा वास एकाच डब्यातून येतो. तुमच्या घरात सहा वर्षांनी दोघांच्या पानात एकच चव येईल. मला विचाराल तर या सहलीतलं हेच एक जेवण काही करून जमवा. मात्र खतखतं रोज होत नाही. बाईला दोन दिवस आधी विचारा, ती कंद कुठून आणायचे ते बघेल.

आता बाबांचा बांगडा.

1 जून ते 31 जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देऊन होड्या उतरतात, आणि तिथून हिवाळाभर समुद्र देत असतो. फेब्रुवारीअखेर समुद्र शांत असतो, उकाडा अजून बसलेला नसतो, मे महिन्याची गर्दी लांब असते. खायला हे दिवस चांगले. तरी रोज हवा तोच मासा मिळेल असं कुणीही सांगू शकत नाही. म्हणून खाणावळीत पाऊल टाकल्यावर “पापलेट आहे का?” असं विचारू नका. आमच्याकडे विचारतात तसं विचारा, “आज काय गावलां?” काय सापडलं, एवढाच त्याचा अर्थ. बांगडे असतील, पेडवे असतील, मुडदुशे असतील, सौंदाळे असतील, कोळंबी असेल, इसवण असेल. इसवण म्हणजे तुमची सुरमई. जे त्या दिवशी आलं ते खा.

पापलेटाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण गेल्या वर्षी तुमचं तिथंच बिनसलं. प्रत्येक पाहुण्याला पापलेट हवं असतं आणि समुद्रात ते पूर्वीइतकं उरलेलं नाही. त्याची पिल्लंच जाळ्यात जातात, मोठं होऊन अंडी घालायची वेळ येण्याआधी. सातपाटीच्या मच्छीमारांनी यासाठी वर्षानुवर्षं आरडाओरड केली, आणि 2023 मध्ये महाराष्ट्रानं रुपेरी पापलेटाला राज्यमासा म्हणून जाहीर केलं ते त्याला जपावं म्हणून. तरी मागणी थांबत नाही. मग बर्फातलं जुनं पापलेट काढलं जातं, किंवा तळहाताएवढं पिल्लू तव्यावर येतं, आणि दर दोन्हींचा चढाच. तळहाताएवढं पापलेट कुणी दाखवलं तर घेऊ नका, स्वस्त दिलं तरी. त्याच पैशात तुमचं सगळं घर मुडदुशे आणि बांगडे पोटभर खाईल, आणि तो मासा त्याच दिवशीचा असेल.

ताजा मासा कसा ओळखायचा हे बाबांना ठाऊक असेल, चार वर्षं बंदराच्या गावात काढलेला माणूस आहे. तरी तुमच्यासाठी सांगते. डोळा फुगीर आणि काचेसारखा हवा, बसका आणि पांढुरका नको. कल्ला उचलून बघा, आत लालभडक हवं. पोटावर बोट दाबलं तर खड्डा राहता कामा नये. वासाला मासा समुद्रासारखा हवा. बांगड्याच्या बाबतीत हे काटेकोर पाळा. बांगडा उन्हात राहिला तर त्यात असं द्रव्य तयार होतं की शिजवूनही जात नाही, आणि खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांध्या उठतात. तिसऱ्या, म्हणजे छोटे शिंपले, मागवल्यात तर शिजल्यावरही जो शिंपला मिटलेला राहिला तो उघडून खाऊ नका, बाजूला टाका. आणि “मासा दाखवता का?” असं विचारायला संकोच करू नका. चांगली खाणावळ परातीत घालून आणून दाखवते. जी दाखवायला कचरते तिथून उठा, पाणी प्यायला असलात तरी उठा.

बाबांना संध्याकाळी मालवणच्या बंदरावर न्या. होड्या आल्या की किनाऱ्यावरच लिलाव होतो. टोपल्यांभोवती कोंडाळं, बायका पुढे, बोली इतकी भराभर चढते की नवख्याला आकडे कळत नाहीत. तिथं उभं राहिलात की त्या दिवशी काय आलंय ते डोळ्यांनी दिसतं, आणि रात्री खाणावळीत कुणी भलतंच सांगितलं तर कळतं. मासा विकत घेऊन दिला तर काही खाणावळी शिजवून देतात, पण हे आधी विचारून ठेवायचं.

तिखलं मात्र बाईला नावानं सांगा. “फिश करी” म्हणालात तर नारळाच्या वाटपाचं पातळ कालवण येईल. तेही चांगलंच, पण बाबा ज्याची गोष्ट सांगतात ते ते नव्हे. तिखलं घट्ट, अंगाशी आलेलं, मिरची-आमसुलाचं. त्यात खोबऱ्याची भर नसते. सकाळी केलेलं रात्री अधिक लागतं, म्हणून दुपारी सांगून ठेवलंत आणि रात्री भाकरीशी खाल्लंत तर उत्तम. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर एक लक्षात ठेवा. सोलकढी ज्या आगळापासून, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसापासून, करतात त्यात टिकण्यासाठी आधीच भरपूर मीठ असतं. लोक ती पचनाची म्हणून तीन-तीन पेले पितात. त्यांना एकच वाटी द्या, आणि सुक्या माशाची चटणी त्या दिवशी टाळा.

पैशाचं. मी इथं दर लिहीत नाही, ते रोज बदलतात आणि मी लिहिलेला आकडा दाखवून तुम्ही कुणाशी भांडावं असं मला वाटत नाही. पण दर विचारणं हा कुणाचाही अपमान नाही, हे मनाशी पक्कं करा. ‘साइझप्रमाणे’ किंवा ‘आजचा भाव’ असं लिहिलेलं असलं की मासा बघा, आणि मग विचारा, “हा एवढा, तळून, ताटात येईपर्यंत किती?” तळणाचे वेगळे पैसे, मसाल्याचे वेगळे, असा प्रकार काही ठिकाणी होतो. थाळी असेल तर त्यात तळलेला तुकडा कोणत्या माशाचा आणि केवढा, भाकऱ्या किती, भात आणि कालवण पुन्हा वाढतात का, हे आधी कळू द्या. घरगुती खाणावळीत बहुतेक वेळा भात-कालवण पुन्हा येतं, आणि बाई स्वतः आग्रह करते. रोख पैसेही जवळ ठेवा. देवबागला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, मधे चिंचोळी पट्टी, तिथं फोनवरून पैसे पाठवताना नेटची खात्री नसते.

समुद्राकाठी बसून जेवायची हौस तुम्हा सगळ्यांना असेलच, ती असावी. पण वेळ बघून. या दिवसांत दुपारी ऊन चढलं की खारा वारा सुटतो आणि वाळूवरच्या टेबलावर ताटात कचकच येते. दुपारचं जेवण पडवीत, सावलीत घ्या, आणि तेच मोठं जेवण ठेवा. रात्री थोडकं. सूर्य साडेसहाच्या पुढे, पावणेसातच्या आत बुडतो. त्याआधी तासभर वाळूवर बसा, चहा घ्या, कांदाभजी घ्या. रात्री दव पडतं, आईंची शाल गाडीत राहू देऊ नका.

पाणी किती जवळ असेल हे काढायची आमची जुनी रीत सांगते, मुलीला गणित म्हणून द्या. तिथीची पाऊणपट केली की ढोबळमानानं भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती, सूर्यास्ताला पाणी पायाशी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे त्यानंतर सहा तासांनी, पाचच्या सुमारास, समुद्र पार आत गेलेला आणि किनारा मैदानासारखा मोकळा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं.

तारखांचं एक महत्त्वाचं. मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा साधारण याच दिवसांत येते. तिची तारीख पंचांगात नसते, देवीचा कौल घेऊन ठरते आणि दरवर्षी वेगळी असते. त्या दोन दिवसांत मुंबईचा चाकरमानी लाखांनी उतरतो, खोल्या मिळत नाहीत, रस्ते तुंबतात, आणि खाणावळवाली बाई स्वतःच जत्रेला गेलेली असते. तारीख जाहीर झाली का, ते बुकिंगच्या आधी बघा. महाशिवरात्रीही आसपास असते. तेव्हा देवगड तालुक्यात कुणकेश्वरला मोठी जत्रा भरते, देऊळ अगदी समुद्राला लागून आहे. आईंना ती जत्रा आवडेल, आणि त्या दिवशी आमच्याकडे बहुतेक घरांत चूल उपासाचीच असते. सोमवारीही पुष्कळ घरं मासे करत नाहीत. तुमचे तीन दिवस शनि-रवि-सोम असतील तर सोमवारचं दुपारचं जेवण आपोआप आईंचं होईल. खतखत्यासाठी तोच दिवस धरा. बाबांचं तिखलं रविवारी करून घ्या.

किल्ल्याला जाणार असाल तर सकाळी जा, जेवणाच्या आधी. भरल्या पोटी होडीत बसलं की मळमळतं. सिंधुदुर्गाचं काम 25 नोव्हेंबर 1664 ला सुरू झालं, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी. शिवराजेश्वराचं देऊळही आत आहे. उतरून आलात की साडेबारा वाजलेले असतील आणि भूक कडकडून लागलेली असेल.

मुलीसाठी इसवणीची तुकडी सांगा. मधला काटा एकच, काढायला सोपा. मिरची-मसाला न लावता नुसतं मीठ-हळद-आगळ लावून तळायला सांगितलं की तळतात. कोळंबी किंवा तिसऱ्या तिनं आधी खाल्ल्या नसतील तर पहिल्या दिवशी एखादीच द्या आणि अंगावर काही उठतं का बघा. बांगडा बाबांच्या हातून खाऊ दे, काटे काढून.

फोन करताना बाईला सांगायचं ते असं सांगा. “आम्ही पाच जण. एक माळकरी आई आहेत, त्यांचं भांडं, पळी आणि तवा वेगळा हवा, त्यांचं आधी शिजवा. ओले काजू मिळाले तर उसळ करा, जमलं तर खतखतं करा, आम्ही सगळेच खाऊ. मासे जे गावतील ते. बांगडा आला तर तिखलं.” जेवायला बसाल तेव्हा पहिलं पान आईंसमोर येऊ द्या आणि त्यांनी सुरुवात केली की मग बाकीची मागवा.

आणि तिरफळ चावायचं नसतं, बाबांना ते माहीत आहे. मुलीला मात्र आधी सांगा, नाहीतर जीभ बधिर होईल आणि ती घाबरेल. पानाच्या कडेला काढून ठेव म्हणावं.